नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को: साईट म्हणते साडेचौदा तास, तिकीट म्हणते सत्तावीस. खरं काय?

खामलेकर
नमस्कार मंडळी. आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला चालले, ताईकडे, ती सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळच राहते. तिकीट मी काढणार आहे. आता आमचे बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, स्वतः मोजल्याशिवाय त्यांना काहीच पटत नाही, त्यांनी अंतर सांगणाऱ्या एका साईटवर दोन्ही विमानतळं टाकली तर तिने सांगितलं साधारण १३,१०० किमी आणि उड्डाणाचा वेळ साडेचौदा तास. मग मी तिकिटं दाखवली तर कुठे २४ तास, कुठे २७, एक तर ३३. बाबा म्हणतात ही लुबाडणूक आहे, विमान फिरवून नेऊन राहिले. शिवाय एका तिकिटावर निघायची आणि पोचायची तारीख एकच, ते पाहून आई म्हणे हे तिकीट खोटं आहे. सध्या दिल्लीवरून आणि कतारच्या दोह्यावरून असे दोन पर्याय डोक्यात आहेत. जाणकारांनी सांगा, बाबांना काय समजावू?

तर्रीपोहे
बाबांना म्हणा रिक्षा नाही, मीटर टाकून जात नाही 😀

मिहानवाला
खामलेकर, ती साईट फक्त भागाकार करते. १३,१०० भागिले ताशी ९००, झाले साडेचौदा. जमिनीवर धावपट्टीपर्यंत जायला लागणारा वेळ, वर चढायला-उतरायला लागणारा वेळ, वारा, काही देशांनी बंद ठेवलेलं आकाश आणि मुख्य म्हणजे मधला मुक्काम, यातलं काही ती धरत नाही. आणि नागपूरहून तिकडे एकही विमान थेट जात नाही, त्यामुळे ज्या रस्त्याचा वेळ ती सांगते त्या रस्त्यावरून कोणी प्रवासच करत नाही.

पण बाबा मोजणारे आहेत म्हणून थोडं सविस्तर सांगतो, त्यांना आवडेल. नागपूर आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन जागांमध्ये पृथ्वीच्या मध्यापाशी जो कोन होतो तो साधारण ११८ अंशांचा. विमानवाले मोजतात नॉटिकल मैलात, आणि एक नॉटिकल मैल म्हणजे त्या कोनाचं एक मिनिट. मग ११८ गुणिले ६० केलं की ७,०८० नॉटिकल मैल आले, त्याला १.८५२ ने गुणलं की १३,१०० किमी. साईटचा आकडा बरोबरच आहे. आता अॅटलासवर पट्टी ठेवून बघू नका म्हणावं, सपाट नकाशा इथे फसवतो. घरात ग्लोब असेल तर दोरा ताणा. दोरा नागपूरहून निघाला की पूर्वेलाही जात नाही आणि पश्चिमेलाही नाही, तो जवळपास उत्तरेला जातो, किंचित पूर्वेकडे कलून. नेपाळचा पश्चिम भाग, तिबेट, पुढे मंगोलियाच्या बाजूने सायबेरिया, मग ७२ अंश उत्तरेपर्यंत वर जाऊन आर्क्टिकच्या कडेने अलास्का आणि तिथून खाली कॅलिफोर्निया.

अंबाझरी
छान माहिती. पण एक समजलं नाही. अमेरिका पश्चिमेला, दोहा पण पश्चिमेलाच, मग दोह्याला गेलं म्हणजे तेवढा रस्ता कापलाच की. दिल्ली तर उत्तरेला आहे, तिकडे जाणं म्हणजे वळसा नाही का?

मिहानवाला
अगदी उलटं आहे अंबाझरी, आणि या सगळ्यातली मला सगळ्यात मजेशीर वाटणारी गोष्ट हीच. नागपूर ते दोहा साधारण २,८४० किमी. दोहा ते सॅन फ्रान्सिस्को साधारण १३,००० किमी. म्हणजे चार-साडेचार तास उडून तुम्ही दोह्याला उतरलात तर सॅन फ्रान्सिस्को किती जवळ आलं? शंभर किमी. नागपूर-अमरावती सुद्धा नाही धड. कामठीला जायचं म्हणून आधी बुटीबोरीला जाऊन यावं तसला प्रकार. कारण दोह्याहून कॅलिफोर्नियाची सरळ रेषा सुद्धा पश्चिमेला जातच नाही, ती जवळजवळ ध्रुवाकडेच जाते, ८५ अंशांपर्यंत वर.

आता दिल्ली बघा. नागपूर-दिल्ली ८५० आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को साधारण १२,३८०, बेरीज १३,२३०. सरळ रेषेपेक्षा सव्वाशे-दीडशे किमी जास्त, बस्स. मुंबईवरून गेलात तर बेरीज चौदा हजार दोनशेच्या आसपास. दोह्यावरून १५,८४०. नुसत्या किमीवर निकाल लावायचा तर दिल्ली जिंकली, दुसरं कोणी जवळपास पण नाही.

पण नुसत्या किमीवर निकाल लागत नाही, तेच तर सांगून राहिलो.

पश्चिमवारा
मी इकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो, मूळचा नागपूरच्या धरमपेठचा. मिहानवाल्यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून सांगतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचा रस्ता बदलला होता. आधी अटलांटिकवरून जायचे, साधारण १३,९०० किमी. मग एकदा पॅसिफिकवरून नेलं, ते पडलं १५,३०० किमी. चौदाशे किमी जास्त! आणि पोचले किती वेळात, साडेचौदा तासात, म्हणजे आधीच्यापेक्षा जवळपास दोन तास लवकर. लांबचा रस्ता आणि कमी वेळ. कारण वारा. आठ-दहा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहते, थंडीत तर ताशी दोनशे-तीनशे किमीचे झोत असतात. पाठीशी मिळाले तर फुकटचा वेग, समोरून आले तर तेवढाच तोटा, आणि विमान स्वतः हवेच्या हिशेबात ९०० नेच चाललेलं असतं. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटनकडे कियारा वादळ आलं तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं, ४ तास ५६ मिनिटं. एरवी साडेसहा-सात धरतात.

म्हणून बाबांना सांगा, रोजचा रस्ता रोज ठरतो. निघायच्या काही तास आधी वाऱ्याचा अंदाज बघून कॉम्प्युटर रस्ता काढून देतो, कालचं विमान गेलं तिथूनच आजचं जाईल असं काही नाही.

तर्रीपोहे
म्हणजे लांबून गेलं की लवकर पोचतं. सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही हे कधीचं करून राहिलो, बे.

खामलेकर
धन्यवाद सगळ्यांना. मिहानवाला दादा, बाबांनी ११८ गुणिले ६० स्वतः करून पाहिलं आणि आता खुश आहेत, ग्लोब मात्र भाच्याचा आहे आणि त्यात भारत नखाएवढा. त्यांचा पुढचा प्रश्न: दिल्लीहून अंतर १२,३८० तर मग दिल्लीचं विमान १६ तास का घेते? आणि पाकिस्तानने आकाश बंद केलं त्याचा फरक पडतो का?

मिहानवाला
पडतो, चांगलाच पडतो.

पहिलं म्हणजे त्या सरळ रेषेत हिमालय आणि तिबेट आहे. विमान त्यांच्यावरून आरामात जाऊ शकतं, उंचीचा प्रश्न नाही. प्रश्न असा की केबिनचा हवेचा दाब अचानक गेला तर पायलटला लगेच दहा हजार फुटांवर खाली यावं लागतं, कारण डोक्यावरून जे मास्क पडतात त्यातला ऑक्सिजन काही मिनिटांपुरताच असतो. तिबेटचं पठार स्वतःच सरासरी चौदा-पंधरा हजार फुटांवर आहे, खाली येणार कुठे? म्हणून तिथून मोजकेच रस्ते आहेत आणि बहुतेक कंपन्या बगल देऊन जातात. दिल्लीहून निघालं की एकतर डोंगराच्या पश्चिमेने पाकिस्तान, अफगाणिस्तान असं वर चढायचं नाहीतर पूर्वेकडून जायचं.

त्यातला पश्चिमेचा दरवाजा पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैपर्यंत बंद ठेवला होता, आणि पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना परत बंद केला. मग दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना खाली गुजरातकडून अरबी समुद्रावरून जावं लागलं, वेळ वाढला, आणि अमेरिकेच्या काही फ्लाइट्सना मधेच इंधन भरायला उतरावं लागलं. म्हणून नॉनस्टॉप लिहिलंय का एक स्टॉप, हे तिकिटावर नीट बघा.

रशियाचा प्रकार वेगळा. २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, आपल्यांना येतं, त्यामुळे दिल्लीहून एअर इंडियाला तो एक फायदा. अर्थात त्या फायद्याला दुसरी बाजू पण आहे. जून २०२३ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनाच्या बिघाडामुळे मगदानला उतरवावं लागलं, पार रशियाच्या पूर्व टोकाला. लोकांना तिथे मिळेल त्या जागेत झोपावं लागलं आणि दुसरं विमान मुंबईहून पाठवलं तेव्हा कुठे पुढे गेले.

उपराजधानी
सगळं ठीक, पण मूळ दुखणं कोणी बोलतच नाही. देशाच्या मधोमध नागपूर, झिरो माईलचा दगड आपल्याकडे, विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाचे एवढे गाजावाजे, आणि अमेरिकेला जायचं तर आधी दिल्ली नाहीतर दोहा. अरे, १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास चारीकडची विमानं मध्यरात्री सोनेगावला, म्हणजे आपल्याच विमानतळावर यायची, टपालाच्या थैल्या बदलायच्या आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. तेव्हा नागपूर हब होतं आणि आता आपण दुसऱ्यांच्या हबवर बसून वडे खाऊन राहिलो. थेट विमान का नाही?

मिहानवाला
उपराजधानी, तुमचा राग समजतो, पण टपालाच्या थैल्या कुठूनही गोळा करता येतात, माणसं नाही येत. आज १३,१०० किमी जाणारी विमानं आहेत, सिंगापूर-न्यूयॉर्क १५,३०० च्या वर आहे आणि रोज चालते, बंगळुरू-सॅन फ्रान्सिस्को जवळपास १४,००० आहे, २०२१ च्या जानेवारीत कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या महिला क्रूने सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला ध्रुवावरून आणली होती ती हीच. पण बंगळुरूला आयटीवाले आहेत, बिझनेस क्लास भरतो. नागपूरहून आठवड्यातून तीनदा अडीचशे-तीनशे माणसं फक्त कॅलिफोर्नियाला कोण जाणार?

आणि दुसरी एक गोष्ट जी लोक विसरतात ती म्हणजे आपला मे महिना. ४५ डिग्रीला हवा विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर पण कमी पडतो, आणि एवढ्या लांब जायचं म्हणजे विमान इंधनाने काठोकाठ भरलेलं. आपली धावपट्टी ३,२०० मीटर. दुपारी निघायचं म्हटलं तर माणसं किंवा सामान कमी करावं लागेल. उष्ण गावांतली लांबची विमानं रात्री निघतात त्यामागे हे एक कारण असतं.

धंतोलीकाकू
मी हे सगळं वाचलं, किमी आणि अंश सगळं छान आहे, पण खामलेकर, तुझ्या आई-बाबांचं वय बघून बोल बाबा. मी आणि आमचे हे दोन्ही रस्त्यांनी जाऊन आलोय म्हणून सांगते.

दिल्लीवरून गेलं की इमिग्रेशन दिल्लीला. म्हणजे नागपूरहून उतरायचं, मग आंतरराष्ट्रीयकडे जायचं, रांग, परत सिक्युरिटी, केवढं चालणं. दोह्यावरून गेलं तर इमिग्रेशन आपल्या नागपूरलाच होतं, रांग छोटी, सोडायला आलेली पोरं बाहेर उभी, काही अडलं तर फोन करता येतो. पुढे दोह्याला फक्त सिक्युरिटी आणि गेट. आणि परत येताना त्याहून मोठा फरक, दिल्लीवरून आलात तर कस्टम दिल्लीला, बॅगा तिथे पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टममधून न्यायच्या आणि परत नागपूरसाठी द्यायच्या. सोळा तास बसून पाय सुजलेले असताना चार बॅगा! दोह्यावरून आलं की बॅगा सरळ सोनेगावला.

थंडीत जाणार असाल तर दिल्लीचं धुकं लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं नागपूर-दिल्ली विमान लटकलं की पुढचं गेलंच. आमचं असंच झालं होतं, आणि दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली म्हणून पुढच्या कंपनीने हात वर केले, आमची जबाबदारी नाही म्हणे. एकाच पीएनआरवर असतं तर त्यांनाच दुसऱ्या विमानात बसवावं लागलं असतं. म्हणून पैसे थोडे जास्त गेले तरी एकच पीएनआर, हे लिहून घे.

अंबाझरी
काकू, मधे थांबा किती असावा मग?

धंतोलीकाकू
म्हाताऱ्या माणसांना तीन-चार तास. दीड तासाचं कनेक्शन पोरांनी करावं. आणि आठ तासाचं पण नको, त्या खुर्च्यांवर पाठ मोडते. ते ३३ तासांचं तिकीट स्वस्त दिसत असेल, त्याच्याकडे बघू पण नको. माझं मत विचारशील तर अंतर जाऊ दे, पोराने घराच्या दाराला लावलेलं कुलूप ते पोरीच्या दारातली चप्पल एवढा सगळा वेळ धर.

खामलेकर
काकू, तुम्ही आईच्या मनातलं बोललात. आता फक्त तारखेचं सांगा कोणीतरी, आई अजून त्या तिकिटाकडे संशयाने बघून राहिली.

पश्चिमवारा
तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. कॅलिफोर्निया भारताच्या साडेबारा तास मागे, आणि थंडीत साडेतेरा, कारण इकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. समजा उन्हाळ्यात दिल्लीहून पहाटे ३ ला निघालं, १६ तास उडालं, तेव्हा नागपुरात संध्याकाळचे ७ वाजलेले. त्यातून साडेबारा वजा करा, इकडे त्याच दिवशीची सकाळ, साडेसहा. म्हणजे घड्याळाप्रमाणे प्रवास फक्त साडेतीन तासांचा झाला.

येताना ते सगळं व्याजासकट परत करावं लागतं. सोमवारी रात्री ९ ला इकडून निघा, तेव्हा भारतात मंगळवार सकाळचे साडेनऊ, १६ तास मिळवा, बुधवारी रात्री दीडला दिल्लीत. मधला मंगळवार जवळपास सगळा विमानातच गेला.

धंतोलीकाकू
मी मंगळवारचा उपवास करते, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे खरंच आला होता. विमानात उजाडलं की झाकण लावून घेतात, दिवस कोणता, रात्र कोणती, काही कळत नाही. शेवटी फळं खाल्ली आणि देवाला सांगितलं समजून घे. पण गंमत सोड, बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांचं निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून घे. घड्याळ बघून गोळी घेतली तर दोनदा होते नाहीतर राहते. इन्शुलिन असेल तर नक्कीच विचार. आणि गोळ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

तर्रीपोहे
एक भलताच प्रश्न. नागपूरहून जगातलं सगळ्यात लांबचं विमानतळ कोणतं? म्हणजे सासऱ्यांना पाठवायचं असेल तर.

मिहानवाला
😂 नागपूरच्या बरोबर पाठीशी, म्हणजे इथून सरळ खाली भोक पाडलं तर, २१ अंश दक्षिण आणि १०१ पश्चिम, पॅसिफिक महासागरातलं नुसतं पाणी. तिथून सगळ्यात जवळचं विमानतळ ईस्टर बेटाचं, साधारण अकराशे किमीवर. पृथ्वीचा अर्धा घेर २०,००० किमी, त्यातून ते वजा केले की नागपूर ते ईस्टर बेट साधारण १८,९००. पण तिथे जायचं तर आधी चिलीचं सांतियागो गाठा, ते इथून पावणेसतरा हजार किमी सरळ रेषेत, आणि तिथून उलटं समुद्रात आणखी पावणेचार हजार. धावपट्टी मात्र ऐसपैस आहे, तीन किमीच्या वर, नासाने स्पेस शटलला अडचणीत उतरता यावं म्हणून ऐंशीच्या दशकात वाढवून घेतली होती.

तर्रीपोहे
सासरे म्हणाले तू आधी जाऊन बघून ये.

खामलेकर
अपडेट: दोहा केलं. एकच पीएनआर, मधे साडेतीन तास. बाबा अजून म्हणतात की २,७०० किमी जास्त पडतात, पण नागपूरलाच इमिग्रेशन म्हटल्यावर आईने विषय संपवला. व्हीलचेअर टाकू का? बाबा नाही म्हणतात, मी चालू शकतो म्हणे.

धंतोलीकाकू
टाक. चालू शकतात म्हणून नाही, रांगेत दीड तास उभं राहता येतं का ते विचार त्यांना. सॅन फ्रान्सिस्कोच्या इमिग्रेशनला व्हीलचेअरवाला माणूस सोबत असला की प्रश्न पण नीट समजावून सांगतो. तिकीट काढतानाच नोंदव, आदल्या दिवशी फोन करून परत विचार. आणि संत्री देऊ नको बरोबर, ताजं फळ तिकडे काढून घेतात आणि आहे म्हणून सांगितलं नाही तर दंड. पोरीच्या घरचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून दोघांच्या पण खिशात ठेव, नुसता मोबाईलमध्ये नको.

खामलेकर
काकू, एक आणखी. संत्रा बर्फी?

धंतोलीकाकू
सीलबंद डब्यात ने, विचारतील तेव्हा मिठाई आहे म्हणून सांगायला सांग. आम्ही नेली होती, उघडून बघितली आणि जाऊ दिली. दोन डबे जास्त ने, दोह्याला साडेतीन तास आहेत म्हणतोस ना, बाबा एक तिथेच संपवतील.